भट्टीकडे वळणारी पाकळी

फेझच्या जुन्या शहरातल्या त्या पाणपोईचं एवढंच उरलं होतं: तळहातावर मावेल अशी, रंगीत ठिकऱ्यांच्या नक्षीची एक फोड. हिवाळ्यात भिंत कोसळली, तेव्हा गवंड्यांनी बाकीचा राडारोडा खेचरांवर लादून वेशीबाहेर टाकून दिला. फोडीवर भिंतीवरच्या चांदणीची एक हिरवी पाकळी होती, टोकाशी वाकलेली, आणि तिच्या दोन्ही अंगांना एकेक पांढरी पट्टी.

नवी चांदणी लावायचं काम ठिकऱ्या जडवणाऱ्या तैयब उस्तादाकडे आलं. कमान जुनीपेक्षा तिप्पट होणार होती. मोहल्ल्याची अट एकच, चांदणी होती तशीच हवी.

तैयब त्या पाणपोईचं पाणी पन्नास वर्षं प्यायला होता. पण तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो, चांदणीकडे कोण बघतं? किती पाकळ्या होत्या, तेही त्याला आठवेना.

त्याने फोड कागदावर ठेवली आणि दोन्ही पट्ट्यांवरून दोरे ताणले. फोडीपासून चार बोटांवर दोरे एकमेकांना भेटले. तिथे त्याने सुई टोचली. पाकळीचा कागद कापून तो त्या सुईभोवती फिरवत गेला, प्रत्येक वेळी कडेला कड लावून रेघ मारली. बाराव्या पाकळीची रेघ बरोबर पहिल्या पाकळीच्या कडेवर येऊन बसली. म्हाताऱ्याने स्वतःशीच मान हलवली. मग त्याच सुईपासून दोरे तिप्पट लांब ओढले. पाकळी केवढी तरी वाढली, पण तिचा वाक होता तसाच राहिला. हे त्याने हजारदा पाहिलं होतं, तरी त्याला दरवेळी गंमत वाटायची.

त्याची मुलगी बतूल शाळेत गणित शिकवायची. ती दोन आरसे घेऊन आली आणि फोडीच्या दोन्ही पट्ट्यांवर उभे धरले.

"वाका जरा, बाबा. आत बघा."

आरशांत अख्खी चांदणी दिसत होती. बाराच पाकळ्या, पण जोडीजोडीने तोंडाला तोंड लावलेल्या.

"काय देखणी आहे!" बतूल म्हणाली.

"देखणी आहे खरी. पण माझ्या सुईची चांदणी अशी नाही. तिच्या पाकळ्या एकामागे एक धावतात. आरशात माझा उजवा हात डावा होतो, सुईभोवती फिरून तो उजवाच राहतो."

"मग खरी कुठली?"

"माझ्या गुरूने लावली होती ती. त्यांच्याकडे आरसा नव्हता."

"कागद पालथा करायला आरसा कशाला लागतो, बाबा?"

तैयबने पाकळीचा कागद एकाआड एक पालथा करून पाहिला: आरशातलीच चांदणी आली. पोरीचं चुकत नव्हतं. दोन्ही चांदण्या बारालाच मिटत होत्या आणि एका पाकळीवरून निवाडा होत नव्हता. मोहल्ल्यात हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं, म्हातारी लल्ला घीता. तिची नजर जाऊन दहा वर्षं झाली होती, आणि हिवाळाभर ती लेकाकडे सेफ्रू गावी होती. तैयबने तिला दोनदा निरोप धाडला आणि धावती चांदणी लावायला घेतली.

काम नऊ आठवडे चाललं. ठिकऱ्या जमिनीवर पालथ्या मांडायच्या, रंग खाली आणि बिनरंगी माती वर. त्यावर गिलावा ओतायचा, तो वाळला की अख्खा तक्ता उचलून भिंतीला लावायचा. ओतलेला गिलावा परत निघत नाही. चांदणी चुकली तर पुढची शंभर वर्षं तिथे चुकलेलीच राहणार, हे तैयबला झोपेतही टोचत होतं.

मांडणी संपली त्या गुरुवारी मजूर बुशैब गिलाव्याच्या बादल्या घेऊन हजर झाला आणि त्याच्या मागोमाग काठी टेकत लल्ला घीता.

"मेले की काय म्हणून दोन-दोन निरोप? कुठाय तुझी चांदणी?"

तैयबने तिला खालच्या कडेशी बसवलं. "हलक्या हाताने, लल्ला. ठिकऱ्या सुट्या आहेत."

"हंडा भरेपर्यंत रोज या चांदणीवर अंगठा फिरवलाय मी. तू मला शिकवू नकोस." गुडघ्यांवर सरकत तिने सगळ्या कडेने हात फिरवला. "केवढी वाढवलीस रे! आणि हे काय करून ठेवलंस? वरची पाकळी डावीकडे, रंगाऱ्यांच्या गल्लीकडे वळलीय. आपली उजवीकडे, पावाच्या भट्टीकडे वळायची. सगळ्याच्या सगळ्या उलट्या धावतायत!"

बतूलचा चेहरा उतरला. बुशैबने उचललेली बादली खाली ठेवली.

"सगळ्याच धावतायत?" तैयबने विचारलं. "कुठे दोघी समोरासमोर नाहीत?"

"समोरासमोर कशाला? तेव्हाही धावायच्या, आताही धावतात. पण उलट्या!"

तैयब एवढा मोठ्याने हसला की शेजारचा चांभार डोकावला. "लल्ला, तुम्ही चांदणीच्या पाठीवरून हात फिरवताय. भिंतीच्या आतल्या बाजूने."

म्हातारी थबकली. तिने हाताचा पंजा हवेत धरला आणि सावकाश पालथा केला.

"म्हणजे मी आत्ता भिंतीत आहे?"

"अगदी भिंतीत."

"मग ओता लवकर. मला बाहेर येऊ दे."

दहा दिवसांनी तक्ता कमानीत बसला. लल्ला घीताने वरच्या पाकळीवर अंगठा टेकवला. पूर्वी नुसता अंगठा वळायचा, आता तिला अख्खा हात खांद्यापासून वळवावा लागला. हात भट्टीच्या बाजूला जाऊन थांबला.

"हं," ती म्हणाली. "हंडा आणा."