तळेगावची गाडी

वाडीच्या शाळेत फाटक उघडाचं आन् घंटा द्याचं काम माह्याकडं होतं, म्हून सांगतो. ऐंशी-एक्क्याऐंशीचा सुमार असन. शाळा उघडली का पयलीचे लेकरं असे बोंबलत, जसं काही आम्ही त्यायले कापूनच राहिलो. कोणी बापाच्या धोतराले लटके, कोणी मले चावे. माह्या मनगटावर अजून एकाच्या दाताची खूण आहे. तो आता ट्रक चालवते. भेटला का मी त्याले हात दाखवतो आन् चहा उकळतो.

कौशी तशी नव्हती. रडे नाई, चावे नाई. तिचा बाप देवराव बाजूच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल. तो सोडून गेला का हे फाटकापाशी उभी, तोंड सडकेकडं. वर्गात नेली का गुपचूप उठून परत फाटकापाशी. मी कडी लावाले गेलो का माहा हात धरे, लावू दे नाई.

"काहून वं, सडकेवर का जत्रा भरली?" मी विचारो.

ते आपली सडकेकडंच पाहे.

गोपाळराव हेडमास्तर मनानं वाईट नव्हते, पण त्यायलेही धाक होता. अमरावती रोड तो, ट्रकामागं ट्रक. त्यायनं देवरावले बोलावलं. म्हणे, "पोळ्यापर्यंत पाहतो. नाही बसली वर्गात, तर तिला मामाच्या गावी ठेवा. उद्या गाडीखाली आली तर मी काय करू?"

देवराव खाली पाहून म्हणे, "गुरुजी, एवढीच उरली मले."

बायको उन्हाळ्यात काविळीनं गेली होती त्याची. घरात बापलेकच.

शाळेच्या संस्थेनं त्या साली शहरातल्या रामदासपेठेतून एक बाई पाठवल्या होत्या, प्रेमलताबाई. नव्या लेकराइले शाळेत रुळवाचं, एवढंच त्यायचं काम. हुद्द्याचं नाव इंग्रजी, माह्या तोंडात बसे नाई. मी 'समजावणाऱ्या बाई' म्हणो. मले वाटे, पोट्ट्याइले गोडगोड बोलाचा बी पगार भेटते का गा?

पण बाई कौशीले समजवाले गेल्याच नाई. फाटकापाशी माह्या स्टुलाजवळ तागाची एक बोरी हांथरली आन् पोरीच्या बाजूले बसल्या. धूळ उडे, धूर ये, पण बाईनं पदर नाकाले लावला नाई. रोज येऊन बसत. काही विचारत नव्हत्या. पोरीनं बी हळूहळू बोरीचा एक कोपरा धरला.

एक दिवस यष्टी आली. कौशी फाटकाच्या गजावर चढली, टाचा उंच करून पाहिलं. दोघं-चौघं उतरले, यष्टी गेली, हे खाली उतरली.

बाईनं मले इचारलं, "रुपराव, ही गाडी कुठून येते?"

"तळेगावकून."

"ट्रक गेला तर ती मानही वळवत नाही." मंग बाई कौशीकडं वळल्या. "कोण यायचंय गं तळेगावहून?"

"माय," कौशी म्हणे.

मी हातातला चहा तसाच धरून रायलो.

"आजीकडं गेली, बाबानं सांगतलं. तवा आम्ही शहरात, नंदनवन वस्तीत राहो. मंग बाबानं अठी खोली केली. मायले नवी खोली माहीत नाई." मंग म्हणे, "मी आत बसली आन् माय उतरली, तर ते निघून जाईन ना."

दुपारी बाईनं देवरावले गोदामातून बोलावलं. कडुलिंबाखाली मी बी होतो.

"तिला खरं सांगा, देवराव."

"बाई, लेकरू आहे ते. आमच्यात असंच सांगतात, गावले गेली म्हून. मोठी झाली का समजते आपोआप."

"ती शाळेला भीत नाही. ती आईची वाट पाहते. मी कितीही लाड केले तरी आईला सडकेवर सोडून ती आत कशी येईल?"

देवरावनं शेल्यानं तोंड पुसलं. "मंग तुम्हीच सांगा. तुम्ही शिकल्यासवरल्या."

"मी सांगितलं तर ती तुम्हालाच येऊन विचारेल, बाबा, खरं का? तेव्हा काय म्हणाल?"

तो गडी दोन मणाचं पोतं पाठीवर नेये. पण झाडापासून फाटकापर्यंत जाता जाता दोनदा थांबला. मंग पोरीजवळ उकिडवा बसला.

"कौशे, माय तळेगावले नाई गेली. मी खोटं सांगतलं तुले. माय मेली, दवाखान्यात. मीच अग्नी देल्ला तिले."

"यष्टीनं नाई येत?"

"नाई."

"कधीच?"

"कधीच नाई, कौशे."

शाळा उघडल्यापासून ते पोरगी पयल्यांदा रडली. बापाच्या छातीवर बुक्क्या मारल्या. त्यानं मारू देल्ल्या. बाई बोरीवर बसून रायल्या. घंटेचा टाइम झाला होता, पण मी घंटा देल्ली नाई. गोपाळराव विचाराले बाहेर आले, पाहिलं, आन् तसेच आत गेले.

दुसऱ्या दिवशी बापासोबत शेजारची प्रयागबाई बी पोरीले सोडाले आली. फाटकाशी केसं सारखे करत म्हणे, "जाय वं बाई. शहाण्यासारखी बसली का माय येईन हं लवकर."

"नाई येत," कौशी म्हणे. "मेली ते."

प्रयागबाईनं तिच्या तोंडावर चापट मारली. "अभद्र बोलते का सकाऊन?"

"मारू नको, मावशी," देवराव म्हणे. "खरं बोलून राहिली ते."

प्रयागबाईच्या डोळ्याले पाणी आलं. तिनंच पोरीले पोटाशी धरलं.

तेवढ्यात तळेगावची गाडी आली. कौशीनं पाहिलं. गजावर चढली नाई. गाडी गेली, धूळ खाली बसली, तरी पाहतच होती. आम्ही कोणी घाई केली नाई. मंग बाईनं बोट पुढं केलं. ते धरून दोन पावलं गेली आन् माह्याकडं वळली.

"काका, लाव आता कडी."

मी कडी लावली.