विषाचा पेला

"भावोजी, तुम्ही एकदा बघा आणि सांगा. हे सोंग आहे की खरं?"

वहिनींनी मला बाहेरच्या खोलीत जाऊच दिलं नाही, आधी स्वयंपाकघरात ओढलं. गेले काही दिवस आमचा हिरो, म्हणजे त्यांचे यजमान, भलतंच वागत होता. चपला कपाटात, किल्ल्या पिठाच्या डब्यात, आणि पोटच्या मुलीला म्हणाला, बाई, तुमचं काय काम आहे? मुलगी डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होती, वहिनी अडून बसल्या होत्या. कारण या गृहस्थाने पूर्वी मेहुण्याच्या लग्नाला जाणं टाळायला चांगलं आठवडाभर लंगडून दाखवलं होतं. सोंग निघालं तर चारचौघांत शोभा होईल, असं त्यांचं म्हणणं. खरं म्हणजे ते सोंगच असावं, एवढंच त्यांना हवं होतं. हे न कळायला मी काही दूधखुळा नाही.

मला विचारण्यात अर्थ होता. कारखान्यात तो लेथवर, मी हजेरी लिहिणारा कारकून, आणि कामगारांच्या नाट्यमंडळात तो नायक, मी खलनायक. एकच नाटक आम्ही वर्षानुवर्षं रेटलं. त्यात मी त्याच्या बापाचा खून केलेला, आणि तो सूड उगवायला वेड्याचं सोंग घेऊन माझ्याच घरी नोकर राहिलेला. तिसऱ्या अंकात तो मला विषाचा पेला आणतो, मी हात पुढे करतो, आणि ऐन वेळी तो पेला मागे घेतो. का घेतो, ते लेखकाने लिहिलंच नव्हतं.

मग काय, याला रान मोकळं. एका प्रयोगात पेला मागे घेताना तो हसायचा, दुसऱ्यात ढसाढसा रडायचा. एकदा तर पेल्याकडे बघत असा थिजला, की मला दरदरून घाम फुटला. नाटक बसवणारे मास्तर कपाळाला हात लावायचे. "अरे, तुझा हा माणूस भित्रा आहे, दयाळू आहे, का खरंच वेडा आहे? काहीतरी एक ठरव."

"मास्तर, बाप मेलेला माणूस रोज एकसारखा कसा असेल?"

पुढे त्याचे स्वतःचे वडील गेले, आणि दुसऱ्याच दिवशी तो प्रयोगाला उभा राहिला. त्यानंतर मास्तरांनी कधी विचारलं नाही.

मी मात्र कधी गडबडलो नाही. पेला मागे घेण्याआधी तो माझ्याकडे एक नजर टाकायचा. सांभाळ रे, आज वेगळं करतोय. प्रेक्षकांना ती दिसायची नाही, मला चुकायची नाही. मग प्रयोग संपल्यावर एकाच आरशासमोर रंग पुसत आम्ही भांडायचो, आजचा चांगला की कालचा. काय दिवस होते. बायको-पोरांपेक्षा जास्त मी त्या आरशात त्याचं तोंड पाहिलं असेल.

मी बाहेर गेलो. तो खिडकीशी बसला होता, दाढी गुळगुळीत, शर्टाचं बटण मात्र एक घर चुकलेलं. मी समोर खुर्ची ओढली आणि तिसऱ्या अंकातला आवाज काढला. "वेड्या, घसा कोरडा पडलाय. पेला आण."

तो उठला. दारात उभ्या वहिनींचा चेहरा उजळला. त्याने टेबलावरचा पेला पाण्याने भरला आणि दोन्ही हातांत धरून माझ्याकडे आला, अगदी तीच चाल. मी हात पुढे केला आणि त्याच्या डोळ्यांत बघत राहिलो. मनात म्हणत होतो, घे लेका, मागे घे. हस, रड, हवं तर अंगावर ओत माझ्या.

त्याने पेला माझ्या हातात ठेवला.

"घ्या, पाणी घ्या. उन्हातून आलात वाटतं. कोणाकडे आलात?"

वहिनींनी तोंडावर हात धरला. तो समोर उभा राहून मी पिण्याची वाट बघत होता, पाहुण्याची बघावी तशी. इतक्या प्रयोगांत तो पेला माझ्या ओठांपर्यंत कधी आला नव्हता. मी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो.

रिकामा पेला त्याने अदबीने माझ्याकडून घेतला आणि विचारलं, "आणखी देऊ?"