सव्वा मूठ

श्रावणातल्या कानबाई देवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, मोतीलालची चक्की वर्षातली एकमेव अंघोळ करते. एरवी तिच्यावर पिठाचा जो थर असतो तो असतोच. बाजरी दळून झाली की गहू, गव्हावर हरभरा, आणि गावालाही त्या मिसळलेल्या चवीची सवय झालेली. पण रोटाचं, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण यायचं म्हणजे दगड धुवायचे, डबा घासायचा, पट्टा पुसायचा. हे काम मोतीलाल दुसऱ्या कुणाला करू देत नाही. बायको कमलबाई दारातूनच बादली देते आणि मागे सरते.

त्या शनिवारी मात्र बादली भरून अर्धा तास झाला, तरी मोतीलाल तिच्यात हात बुडवून नुसता बसला होता. कारण सकाळीच त्याच्या लेकीचा फोन येऊन गेला होता.

लेक म्हणजे मोनाली. वय एकोणीस. शिंदखेड्याच्या शाळेत गिरधर सरांनी तिला पहिल्यांदा पळताना पाहिलं आणि मग धुळे, जळगाव, पुणे असं करत करत पोरगी पार पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला पोचली. वीस वर्षांखालच्या पोरापोरींची जागतिक मैदानी स्पर्धा होती, आणि चार गुणिले चारशे मीटर रिलेच्या भारतीय संघात तिचं नाव आलं होतं. चौघींनी एकेक फेरी पळायची, हातातली दांडी पुढचीला द्यायची. सरांनी फोनवर सांगितलं, "मोतीलालभाऊ, संघात निवड झाली." त्यापुढे सर बरंच काही सांगत होते, पण मोतीलालने ते ऐकलं नाही. तोवर तो रस्त्यावर जाऊन ओरडायला लागला होता.

उरलेलं काम त्याच्या धाकट्या भावाने, नवलने केलं. नवल जळगावला पाइपच्या कारखान्यात आहे. त्याने तिथून दहा बाय आठचा फ्लेक्स छापून आणला आणि चौकात टांगला. 'जागतिक मैदान गाजवणार' आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. मोनालीचा फोटो मोठा होता, पण शुभेच्छुक नवलचाही काही लहान नव्हता. गॉगलसकट होता.

तर शनिवारी सकाळी सहाला प्राथमिक फेरी होती. मारुतीच्या सभामंडपात टीव्ही लावला होता, अर्धं गाव जमलं होतं. चार मुली मैदानात आल्या, पडद्यावर चार नावं आली, आणि त्यात मोनाली नव्हती. पोरी झकास पळाल्या, फायनलला पोचल्या, टाळ्या झाल्या. टाळ्या ओसरल्यावर पुढे बसलेल्या म्हाताऱ्या पुना आबांनी मान वळवली.

"मोतीलाल, तुनी आंडेर मोनाली दिसनी नही रे?"

"ती पुढली फेरीमा शे, आबा," मोतीलाल म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही कळलं नाही.

आठ वाजता फोन वाजला.

"नाना, दखं का तुम्ही?"

"दखं ना. तू कोठे व्हती?"

ती भरभर बोलली. "नाना, संघमा सहा जनी शेतस, पयतस चारच. मी राखीव शे. उद्या फायनलले बी त्याच चार शेतस."

"बरं," मोतीलाल म्हणाला.

"मी घर येवाव नही, नाना. चौकमा मना एवढा मोठा फोटो शे. लोकेसले काय तोंड दखाडू? आठून सीधी पुण्याले जासु. आनि आते माले पयनंच नही."

त्याने काहीतरी बोलायला हवं होतं. पण सारा जन्म चक्कीच्या घरघरीत काढलेला माणूस, खुणेने नाहीतर ओरडून बोलणारा. हळू आवाजात सांगायच्या गोष्टी त्याला कधी जमल्याच नाहीत. तो शब्द शोधत राहिला आणि फोन बंद झाला.

त्याने कमलबाईला सांगितलं. ती गव्हाच्या पोत्यावर बसली, पदराने तोंड पुसलं, आणि एवढंच म्हणाली, "सकायपासून काही खादं व्हई का तिनी?"

पोरीला आता घरी कसं आणायचं, हा एकच विचार घेऊन मोतीलाल बादलीपाशी बसला होता. पदक नको होतं त्याला. फायनल गेली खड्ड्यात. पण पोरगी लाजून घराचा रस्ता टाळते म्हणजे काय? पहिलीत असल्यापासून ती या चक्कीच्या दारातून पळत सुटायची. मोतीलाल पायलीभर ज्वारी डब्यात टाकायचा, आणि ती दळून व्हायच्या आत तिने पाटाच्या पुलाला हात लावून परत यायचं, असा दोघांचा खेळ. गिरधर सरांकडे स्टॉपवॉच होतं, पण ते फार नंतर आलं.

अखेर त्याने चक्की धुतली. दहाच्या सुमाराला टोपल्या यायला लागल्या. दळण टाकता टाकता जो तो तेच विचारत होता. "उद्या पयनार ना मोनाली?" मोतीलाल मान हलवायचा. दुपारपर्यंत त्याची मान दुखायला लागली.

सगळ्यांचं झाल्यावर घरची टोपली आली. रोटाचे गहू त्यांच्या भाऊबंदकीत कर्त्या पुरुषाने मोजायचे. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. भरलेली मूठ टोपलीत टाकायची, वर चिमटीने पाव. मोतीलालने स्वतःच्या नावाची टाकली, नवलची टाकली, नवलच्या दोन मुलांची टाकली. मोजणी संपली. कमलबाई टोपली उचलायला वाकली.

"थांब," तो म्हणाला. त्याने पुन्हा पोत्यात हात घातला आणि मूठ भरली. "मोनाली."

भाऊबंदकीत सगळ्यात वडील असलेली धुरपदाबाई, त्याची चुलती, बाजूलाच खाटेवर बसली होती. तिचे डोळे अधू झालेत, पण अशा वेळी तिला सगळं दिसतं.

"मोती, पोरीसनी मूठ कधी लेतस का रे?"

"आज लेतस, काकू."

"का बरं?"

"तिले घर आननं शे."

म्हातारीने त्याच्याकडे रोखून पाहिलं. आता ही भांडणार, असं कमलबाईला वाटलं. धुरपदाबाई भांडलीच, पण वेगळ्याच कारणावरून.

"मंग वरलं पाव कोठे शे? नुसती मूठ टाकी दिन्ही! देवी नुसती मूठ लेत नही, इतलं बी तुले सांगनं पडस का?"

घाईत तो पाव विसरला होता. त्याने चिमूट भरली आणि टोपलीवर धरली, पण सोडली नाही. तीस वर्षं तो हे मोजत आला होता, आणि त्या वरच्या चिमटीकडे त्याने आज पहिल्यांदा नीट पाहिलं. मुठीला नाव असतं, मोतीलालची मूठ, नवलची मूठ. या पावाला नाव नाही. तरी ते नसेल तर सारी टोपली अडते. मग त्याने चिमूट सोडली, चक्कीच्या मागे गेला आणि मोनालीला फोन लावला.

तिने उचलला नाही. तिकडे रात्र असावी, किंवा रडणं. मोतीलालने मोबाइल तोंडाशी धरला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायला सुरुवात केली. चक्की बंद होती तरी तो ओरडूनच बोलत होता.

"मोना बेटा, मी नाना बोली ऱ्हायनू. आज रोटना गहू मोजात. तुना नावनी मूठ लिधी. घाईमा मी नुसती मूठ टाकी, ते काकू कडकनी माले. वरलं पाव नसनं ते देवी लेत नही. बेटा, त्या चार जनी मूठ शेतस. तू वरलं पाव शे. पावले नाव ऱ्हात नही, पन त्यानाबिगर रोट व्हत नही. मी मोजस ना, माले माहीत शे." इथे तो खाकरला. "आते तुना रोट बनी. तो फेकता येत नही. भाऊबंद सोडीसन कोनले देता येत नही. पुनवना पहिले संपाले पायजे. आनि मना दात कसा शेतस, तुले माहीत शे. तू ये."

संध्याकाळपर्यंत त्याने मोबाइल चाळीस वेळा उघडून पाहिला. निरोप पोचला होता. ऐकला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

रविवारी सकाळी सभामंडप ओसंडून वाहत होता. कानबाईसाठी गावोगावचे भाऊबंद आलेले, गिरधर सरही मुद्दाम आलेले. मोतीलाल टीव्हीच्या आडवा जाऊन उभा राहिला. नवलने त्याला खुणावलं, दादा, सरक. तो सरकला नाही.

"मोनाली आज पयाव नही," तो म्हणाला. "ती राखीव शे. काल मी आबाले खोटं बोलनू. ज्याले घर जानं शे, त्यानी जावं."

कुणी उठलं नाही. नवल खाली मान घालून चपलेशी चाळा करू लागला. मग पुना आबांनी विचारलं, "राखीव म्हनजे काय, सर?"

"चौघींपैकी कुणी ऐनवेळी लंगडली, तर मोनालीनं त्याच पावली उतरायचं," गिरधर सर म्हणाले. "त्यासाठी तीही इतरांसारखीच तासभर तयारी करते. आत्ता या घडीला ती बूट बांधून, अंग गरम करून, नंबर लावून तिथं उभी असेल. पळायला मिळणार नाही हे माहीत असूनसुद्धा. मला विचाराल तर पळण्यापेक्षा ते अवघड आहे."

आबांनी थोडा विचार केला. "म्हनजे ती बी तठे उभी शे."

"उभी आहे."

"मंग सरक ना मोतीलाल. दखू दे."

पोरी पाचव्या आल्या. गावाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यात मोनालीच्या नावाच्याही होत्या, हे मोतीलालला स्पष्ट ऐकू आलं. घरी परतताना मोबाइल वाजला. फोटो होता. सरावाच्या मैदानाचा कोपरा, छातीवर नंबर लावलेली मोनाली, घामाने कपाळावर चिकटलेले केस. खाली तीनच शब्द. 'नाना, रोट ठेवा.'

मोतीलाल रस्त्यातच उभा राहून रडला. लोक कानबाईच्या गडबडीत होते आणि त्याला कुणाची पर्वाही नव्हती.

आता सगळ्या मुठींचं पीठ एकत्रच दळलं जातं, त्यात मोनालीचं कोणतं हे कानबाईलाच ठाऊक. पण कमलबाईने शेवटी एक लहान रोट वेगळा लाटला, देवीपुढे ठेवला आणि सोमवारी विसर्जन झाल्यावर फडक्यात बांधून डब्यात ठेवला. नवलचा धाकटा दोनदा त्या डब्यापाशी गेला आणि दोनदा धुरपदाबाईच्या शिव्या खाऊन परतला.

पुनवेच्या आदल्या दिवशी मोतीलाल मोटारसायकल घेऊन धुळ्याच्या स्टँडवर गेला. मोनाली बसमधून उतरली. तिच्या अंगावरचं निळं जाकीट मोतीलालने आजवर टीव्हीतच पाहिलं होतं. ती वाकून पाया पडली. मग ती गाडीवर मागे बसली. गाव तीन-चार किलोमीटरवर आल्यावर मागून तिचा आवाज आला.

"नाना, चौकमातून नका ना जाऊ."

"फ्लेक्स काढी लिधा मी."

"लोकेसनी सांगं काढाले?"

"नही वं. पानी येवाले लागनं व्हतं, गहू झाकाले काहीच नव्हतं. आते पोतासवर तू शे. नवल बी शे, गॉगल घालीसन."

ती इतकी हसली की मोटारसायकल डुगडुगली. मोतीलालने गाडी चौकातूनच नेली. पारावरून पुना आबांनी हात वर केला, आणि तिनेही केला.

घरी कमलबाईने दुधाची वाटी आणि रोट समोर ठेवला. चार दिवसांचा रोट, दगडासारखा कडक झालेला. मोनाली तुकडे दुधात बुडवून हळूहळू चावत राहिली. कुणी तिला स्पर्धेचं विचारलं नाही. अर्धा रोट झाल्यावर तीच बोलली.

"फायनलना येले मी पुरी तयार व्हती, माय. शेवटना मिनिटपर्यंत. मंग त्यासनी सांगं, तू आते बूट काढात तरी चालई."

"मंग?" कमलबाईने विचारलं.

"नही काढात मी. पोरी परत येईपर्यंत नही काढात."

धुरपदाबाई खाटेवरून सगळं ऐकत होती. "संपाड तो रोट," ती म्हणाली. "कन बी ठेवू नको." बोलताना तिचा आवाज नेहमीसारखा कडक नव्हता. मोनालीने ताटलीतला चुरासुद्धा बोटाने टिपून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मोतीलालने चक्कीचं शटर वर केलं. पट्टा चढवत होता, तेवढ्यात दारात सावली पडली. मोनाली उंबऱ्यावर बसून बुटाच्या नाड्या आवळत होती.

"नाना, पायली टाका," ती म्हणाली.

मोतीलालने बटण दाबलं. चक्की घरघरायला लागली. त्याने पायलीभर ज्वारी मोजून डब्यात ओतली. मग पोत्यात पुन्हा हात घातला आणि वर आणखी थोडी टाकली. मोनाली ते बघूनच उठली, आणि पाटाच्या पुलाकडे पळत सुटली.