चितारओळीतला गोविंदा

“इथं अंगठा दाबा, आजी,” कृष्णकांत म्हणाला आणि त्यानं ओल्या मातीचा पुतळा पाटासकट तिच्यासमोर वळवला.

तुळसाबाईनं हात पुढे केला आणि तसाच मागे घेऊन पदरात गुंडाळला.

चितारओळीतल्या त्या कारखान्याची रीतच होती ती, कृष्णकांतच्या आजोबांपासून चालत आलेली. पुतळा कुणाचाही असो, घरातल्या जवळच्या माणसानं मातीत अंगठा उमटवल्याशिवाय त्यावर प्लास्टर चढायचं नाही. आणि एकदा ते चढलं, साचा निघाला, की मग नाक बदला की कान बदला, कुणाच्या बापाला जमायचं नाही. विजय दिवस तोंडावर आला होता. वस्तीच्या चौकात चबुतरा बांधून तयार होता.

“काय झालं, आई?” धम्मानंदनं विचारलं. तो तिचा एकुलता एक मुलगा. पन्नाशी ओलांडलेला, खापरखेड्याच्या वीज केंद्रात टेक्निशियन. रजा टाकून आईला आणि काकांना घेऊन आला होता. “फोटोसारखाच तर दिसून राहिला.”

दिसतच होता. टेबलावर टेकवलेल्या फोटोत वर्दीतला जवान जसा होता तसाच मातीत उतरला होता: लांबट चेहरा, सरळ नाक, बारीक मिशी. दुखणं तेच होतं. तो तुळसाबाईचा नवरा गोविंदा नव्हताच. तो होता नत्थू, गोविंदाचा धाकटा भाऊ, जो या घडीला सत्तरी पार करून कारखान्याच्या दारात स्टुलावर बसला होता आणि रस्त्यावरच्या रिकाम्या हातगाडीकडे टक लावून बघत होता. स्वतःच्या मातीच्या तोंडाकडे काही केल्या बघत नव्हता.

हे आता जगात दोघांनाच ठाऊक होतं. तिला आणि त्याला.

गोविंदा मौद्याकडच्या खेड्यातला. बाप गावकीची कामं करायचा. छप्पन साली लहानग्या गोविंदाला घेऊन तो पायी नागपूरला आला, दीक्षा घेतली, आणि परत गेल्यावर गावकीची काठी पाटलाच्या ओट्यावर ठेवून आला. त्या दिवसापासून मिळेल ती मजुरी. गोविंदा शाळा अर्धी सोडून पलटणीत भरती झाला, सागरला ट्रेनिंग करून आला. शूरवीर वगैरे काही नव्हता. लंगरातल्या बिनतिखट डाळीला नावं ठेवायचा, सुटी संपली की डबाभर ठेचा घेऊन निघायचा, आणि हसताना तुटका दात दिसू नये म्हणून तोंडावर हात धरायचा. लग्नानंतर दोनदाच घरी आला. एकाहत्तरच्या डिसेंबरात सीमेवर गेला तो गेलाच. पदक नाही, पेपरात नाव नाही. तुळसा तेव्हा अठराची, पोटुशी.

मागाहून पेटी आली, पेटीत वर्दी आली. फोटो मात्र एकही नव्हता. त्या खेड्यात लग्नात फोटो काढायची चैन कुणाला होती? सासूनं धोसरा धरला, माह्या लेकराचा वर्दीतला फोटो आणून द्या, त्याशिवाय घास गिळणार नाही. आणि खरंच गिळेना. शेवटी नत्थूनं भावाची वर्दी अंगावर चढवली, सीताबर्डीच्या स्टुडिओत जाऊन फोटो काढला आणि मायच्या हातात ठेवला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी म्हातारीनं तो छातीशी धरला आणि भाकर मागितली. तिला कळलं नसेल? माय होती ती. पण ती बोलली नाही, मग बाकीच्यांनी कुठल्या तोंडानं बोलावं!

पुढं बिऱ्हाड नागपूरला आलं. तुळसाबाई शाळेत आया म्हणून लागली. वस्तीत गोविंदाला कुणी बघितलेलं नव्हतं, फोटो तेवढा बघितला होता. आणि फोटोशी धम्माचा काडीचा मेळ नव्हता. पोरगं रुंद तोंडाचं, बसक्या नाकाचं, कान सुपासारखे. नळावर जिभा चालायला वेळ लागतो का? “बाप पाहा कसा, आन् पोरगं कोनावर गेलं वं?” फोटोसारखा निघाला असता तर खरी बोंब झाली असती, हे त्या बापड्यांना काय माहीत.

धम्मा शाळेत होता तेव्हा एकदा आरशाचा तुकडा घेऊन त्या फोटोसमोर उभा होता. एकदा आरशात बघायचा, एकदा फोटोकडे. आई दिसली तसा त्यानं आरसा खाली ठेवला. त्यानंतर त्यानं बापाबद्दल कधी चकार शब्द विचारला नाही. बाप बोलायचा कसा, खायचा काय, काही नाही. ते न विचारणं तिच्या काळजात कुसळासारखं रुतून बसलं होतं. सासू होती तोवर ती सासूसाठी गप्प राहिली. सासू गेली तोवर फोटो विहारात लागला होता, लोक दर वर्षी सलामी देत होते, म्हणून पुन्हा गप्प. आता ते खोटं चौकात उभं राहणार होतं आणि तिच्या मागंही तिथंच राहणार होतं. पुतळ्याचं ठरल्यापासून ती नत्थूच्या मागं लागली होती, तुमीच सांगा म्हणून. तो उद्या-परवा करत राहिला. आणि तिच्या एकटीच्या सांगण्याला पोरगं काय समजलं असतं? म्हातारी आपली अब्रू झाकून राहिली, असंच.

“भाऊजी, इकडं या,” ती म्हणाली.

“मी काहून? अंगठा तुमचा पायजे, वैनी.”

“या म्हणते ना.”

नत्थू आला. पाय ओढत आला, पण आला.

“बोला.”

“जाऊ द्या ना आता,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“मूठ तुमची झाकली, भाऊजी. तोंड माह्या पोराचं उघडं पडलं. लोकाईनं त्याच्याकडं पाहून जे जे म्हटलं, ते तुमच्या कानावर नाई आलं?”

“आई, इथं नको,” धम्मानंद पटकन म्हणाला. म्हणजे लोकांचं बोलणं त्यालाही ठाऊक होतं. ठाऊक नसेल असं तिनं उगाच मनाला समजावलं होतं इतकी वर्षं.

“इथंच. आन् आजच.” तिनं मातीच्या पोत्याशेजारी फतकल मारली. “भाऊजी बोलत नाईत तवर मी हालत नाई. पुतळा वाळून तडकला तरी चालते मले.”

कृष्णकांत हातातलं ओलं फडकं पिळायचं विसरला. नत्थूनं पहिल्यांदा मातीच्या चेहऱ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांचा तो, कोऱ्या चेहऱ्याचा.

“धम्मा,” तो म्हणाला, “हा मी आहो गा.”

“काय?”

“फोटोतला. दादा नाई तो, मी आहो. वर्दी दादाची, तोंड माह्यं. मायसाठी काढला होता. बूटही दादाचेच होते, ढिल्ले होऊन राहिले होते, फोटोवाला म्हणे हालू नको. लोकं सलामी देत, आन् मी मागच्या लाइनीत मान खाली घालून उभा राहो. शरम वाटे, बेटा. लय शरम वाटे. पण माय गेल्यावर सांगाची हिंमतच नाई झाली.”

आणि तो तोंड झाकून रडला, म्हातारी माणसं रडतात तसा, आवाज न करता.

धम्मानंदनं चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढून पुसत बसला. कृष्णकांतनं एकदा नत्थूकडे, एकदा मातीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“मंग मी कोणाले पाहून करू, आजी? फोटोच नाई म्हणता तुमी.”

“हा काय, तुह्यासमोर उभा आहे.” तुळसाबाईनं मुलाकडे बोट केलं. “नाक, कान, हनुवटी, सारं त्याईचंच उचलून आणलं यानं. फक्त वय उतरव. तेविशीचे होते ते.”

धम्मानंद जागचा हलला नाही. नत्थूनंच दारातलं स्टूल उचलून आणलं, धोतराच्या सोग्यानं झटकलं आणि पुतळ्यासमोर मांडलं.

“बस, बेटा.”

तो बसला. कृष्णकांतनं मिशी खरवडून काढली आणि ते सरळ नाक अंगठ्यानं चेपलं.

“कापलं गा शेवटी माह्यं नाक,” नत्थू डोळे पुसत म्हणाला, आणि तुळसाबाईला त्या घडीलाही हसू फुटलं.

मग कृष्णकांतनं गाल रुंद केले. कान पुन्हा लावले, बाहेर आलेले. धम्मानंदच्या डोळ्यांखाली पिशव्या होत्या, त्या त्यानं मातीत घेतल्या नाहीत. कपाळावरच्या आठ्या सोडून दिल्या. खप्पड गाल भरून काढले. मुलाच्या चेहऱ्यातून एकेक वर्ष उतरत गेलं आणि खालून एक पोरसवदा शिपाई वर आला. धम्मानंदचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला आणि तिथंच राहिला. तुळसाबाईनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, घरात नवरा आल्यासारखा.

“आई.” धम्मानंदनं मातीवरची नजर न काढता विचारलं. “बाबा उंचीनं किती होते?”

ती पोत्याचा आधार घेऊन उठली. गुडघे कुरकुरले, पण तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

“उभा राय बरं,” ती म्हणाली.

तो उभा राहिला. ती त्याच्यासमोर आली आणि मान वर करून त्याच्याकडे बघत राहिली.

“एवढेच,” ती म्हणाली.