अर्ध्या तासाचा वेग

"फोन इथं टेबलावर ठेवा, कीरिया आरेती," पाव्लोस काप्सालिस म्हणाला. "उलटा नको. स्क्रीन वर."

आरेतीने फोन ठेवला. मग कोणी मागितली नसताना पर्सही त्याच्या शेजारी ठेवली.

"हिच्यातही बघून घ्या. चष्म्याचं घर आहे, तिळाच्या पावाचं अर्धं कुलुरी आहे आणि बसचा पास."

"टोमणे नकोत."

"टोमणा कसला? तपासायचंच तर नीट तपासा."

पाव्लोसने पर्सला हात लावला नाही. कोपऱ्यातल्या खुर्चीवर फोतिस बसला होता, मांडीवर छोटी वही घेऊन. तो खाली बघत होता. खिडकीबाहेर व्होलोस बंदराच्या धक्क्यावर कालपासून अडकलेल्या बोटी दोरखंडांना हिसके देत होत्या. उत्तरेचा वारा रात्रीत उतरला होता आणि बंदर अधिकाऱ्याने साडेनऊला बोटींवरची बंदी उठवली होती. त्यालाही पाच-सात मिनिटं झाली असतील. खाली तिकीटघरातून गलका वर येत होता.

आरेतीला सगळे 'कीरिया', म्हणजे बाई, म्हणायचे; ती या बोटकंपनीत एकतीस वर्षं होती. ती आली तेव्हा पाव्लोसच्या वडिलांच्या दोनच बोटी होत्या आणि तिकिटं वहीतून फाडून द्यायची पद्धत होती. पहिला संगणक आला तेव्हा त्याला हात लावायला कोणी धजेना, म्हणून म्हाताऱ्या काप्सालिसने तो आरेतीच्या टेबलावर ठेवला. "पोरी, तू बघ याचं," एवढंच तो म्हणाला होता. पुढे तळघरात सर्व्हर आला, आणि तोही तिनेच सांभाळला. त्याच्या डिस्कचा आवाज जरा बदलला की दोन दिवस आधीच तिला कळायचं, आता ही जाणार. पंधरा वर्षांचा पाव्लोस शाळेतून आला की त्याच तळघरात तिच्या शेजारी बसून गणितं सोडवायचा.

यंदा फेब्रुवारीत तो सर्व्हर बंद केला आणि भाड्याची मशीन घेतली. मशीन तरी कसली! दूर कुठल्या देशात यंत्रांचं भलंमोठं कोठार, त्यातला आपल्या नावाचा एक वाटा, आणि त्याला जोडलेली भाड्याचीच डिस्क. सगळी तिकिटं त्या डिस्कवर. आरेतीने बैठकीत स्पष्ट विरोध केला होता. "आपली वही आपल्या घरात असावी," असं ती म्हणाली होती. ते वाक्य सगळ्यांनी नीट लक्षात ठेवलं.

जून संपता संपता त्रास सुरू झाला. बेटांवर जायची गर्दी वाढली. सकाळी साडेदहाला रद्द झालेल्या जागा विक्रीला खुल्या व्हायच्या, सगळे तुटून पडायचे, अर्धा तास सगळं सुरळीत चालायचं. बरोबर अकराला मात्र तिकीटघर गोठायचं. एका तिकिटाला चार-चार मिनिटं. साडेबारापर्यंत हेच. रांग शेजारच्या कॉफीवाल्याच्या टेबलांत शिरायची. स्कोपेलोस बेटाची बोट जागा रिकाम्या ठेवून सुटायची आणि माणसं धक्क्यावर उभी राहून तिच्याकडे बघायची.

आणि रोज बरोबर अकराला आरेती फोन घेऊन मागच्या जिन्याने बाहेर जायची. दहा-बारा मिनिटांनी परत यायची.

हे आधी तिकीट खिडकीवरच्या लेमोन्याच्या लक्षात आलं. "कीरिया आरेती उठल्या की मशीन बसते," असं ती हसत हसत म्हणाली. ते वाक्य कचेरीभर फिरलं, आणि फिरून आलं तेव्हा त्यातलं हसू गेलेलं होतं.

आरेतीलाही कळत होतं. ती आत आली की बोलणं थांबायचं. सगळ्यांसाठी कॉफी मागवली की तिचा कप विसरला जायचा. एके सकाळी तिची खुर्ची उंच केलेली होती. तिच्या गैरहजेरीत कोणीतरी तिच्यापेक्षा उंच माणूस तिच्या स्क्रीनसमोर बसला होता. उंच म्हणजे फोतिसच. लारिसाहून आलेला, एकतीस वर्षांचा, नवी मशीन बसवायला घेतलेला. मग तिनेही त्याच्यावर नजर ठेवली. नोंदी चाळल्या. चार दिवस, अकराच्या सुमाराला, तिच्या फायलींमध्ये फोतिसचं नाव. तिने तारखा लिहून ठेवल्या. म्हातारीला घालवायचं आणि जागा घ्यायची, असा डाव आहे तर. त्या दिवसापासून ती त्याला "सुप्रभात" म्हणायची, ते दातांमधून.

"नऊ दिवस," पाव्लोस आता म्हणाला. "फोतिसने नऊ दिवस वेळा लिहिल्यात. मीच सांगितलं होतं त्याला. वाच रे."

"साहेब, राहू दे ना..."

"वाच."

फोतिसने वाचलं. "सोमवार. अकराला बाहेर, अकरा वाजून बारा मिनिटांनी आत. अकरा वाजून दोन मिनिटांनी मशीन संथ. मंगळवार..."

"पुरे," आरेती म्हणाली. "म्हणजे माझ्या फायलींत तू शिरत होतास ते यासाठी? मला वाटलं, माझी खुर्ची हवीय तुला."

"तुमची खुर्ची मला फार बुटकी आहे," फोतिस म्हणाला.

"बाहेर कुठं जाता?" पाव्लोसने विचारलं.

"ते माझं खासगी आहे."

"फोनवरून मशीनला हात घालता येतो ना?"

"येतो. तुम्ही काल संध्याकाळी माझा पासवर्ड काढून घेतला तोपर्यंत येत होता."

"मग मी काय समजायचं, सांगा! तुम्हाला ही मशीन नको होती. भर सभेत बोललात. आता रोज तुम्ही उठता आणि ती मरते. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

त्याच्या जागी आरेती असती तर तिलाही हेच वाटलं असतं, हे तिला कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

त्याचे प्रश्न चालूच राहिले. ती "नाही" म्हणत राहिली. मग टेबलावरचा कचेरीचा फोन वाजला. खालून लेमोन्या ओरडत होती, तिघांनाही ऐकू आलं.

"परत बसली! एक तिकीट निघत नाहीये! दोन दिवसांची माणसं तुंबलीत इथं, मला खिडकीतून बाहेर ओढतील!"

पाव्लोसने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहा वाजून दोन मिनिटं. त्याने टेबलावरच्या फोनकडे बघितलं. फोनची स्क्रीन काळी होती. मग आरेतीच्या हातांकडे. ते मांडीवर होते. आणि मग, सावकाश, त्याची मान कोपऱ्याकडे वळली.

"माझ्याकडे काय बघताय?" फोतिस उभाच राहिला. "मी तुमच्या समोर बसलोय!"

"दहाला?" आरेती म्हणाली. ती कोणाशी बोलत नव्हती. "बंदी साडेनऊला उठली. सगळे साडेनऊला तुटून पडले. रोज साडेदहाला तुटून पडतात." ती फोतिसकडे वळली. "अर्धा तास. रोज अर्धाच तास. डिस्कचा आलेख काढ."

"मशीनचा बघितलाय मी, मशीनवर ताण..."

"मशीनचा नको. डिस्कचा. एकटीचा."

फोतिसने पाव्लोसच्याच संगणकावर तो काढला. दोघं वाकून बघू लागले. साडेनऊला रेघ टेकडीसारखी चढली होती, अर्धा तास वरच राहिली होती, आणि दहाला सुरीने कापल्यासारखी खाली येऊन सपाट झाली होती. काल बोटीच नव्हत्या. पण परवाची तशीच, त्याच्या आधीचीही तशीच. फक्त त्या अकराला.

"साठवणीचा वेग," फोतिस पुटपुटला. "अरे देवा."

"मला कळेल असं बोला," पाव्लोस म्हणाला.

"घरावरच्या टाकीसारखं आहे," आरेती म्हणाली. "या डिस्कला ठरलेली एक धार आहे, नळासारखी. वापर नसला की न वापरलेला वेग साठतो, टाकी भरते. गर्दी झाली की अर्धा तास धो धो सोडते. टाकी संपली की पुन्हा नळाला येईल तेवढंच. तळघरातल्या डिस्कला असलं काही नव्हतं. होती तेवढी होती. म्हणून मी तिकडे बघितलंच नाही. तीन आठवडे मी माणूस शोधत होते."

"मीही," फोतिस म्हणाला.

पाव्लोसचा पटकन विश्वास बसेना. त्याने मे महिन्याचा आलेख मागितला, मग एप्रिलचा. खाली लेमोन्या हाताने पावत्या लिहून माणसं बोटीत चढवत होती. फोतिस एकेक दिवस उघडून दाखवत होता. जिथे गर्दी अर्ध्या तासात ओसरली होती तिथे रेघ कापलेली नव्हती. बघता बघता तास गेला.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. स्क्रीनवर "घर" असं आलं. अकरा वाजून सात मिनिटं झाली होती.

आरेतीचा हात पुढे गेला आणि थांबला.

"उचला," पाव्लोस म्हणाला. मग, संशय एकदम सुटत नाही म्हणून की काय, "इथंच बोला. आवाज मोठा करून," असंही म्हणाला.

तिने तसं केलं.

"नमस्कार," पलीकडून एका पुरुषाचा सभ्य आवाज आला. "माफ करा हं, त्रास देतोय. रोज या वेळेला या नंबरवरून एक बाई फोन करतात. माझ्या गोळीची आठवण करून देतात. आज आला नाही त्यांचा. म्हटलं, बऱ्या आहेत ना त्या?"

"बऱ्या आहेत, झिसिस," आरेती म्हणाली. "कामात आहेत जरा. निळ्या डबीतली पांढरी गोळी घे. एकच. पाण्याबरोबर. मी थांबते."

नळाचा आवाज आला. मग पेला ठेवल्याचा.

"घेतली. त्यांना सांगा, मी विचारलं म्हणून. फार चांगल्या आहेत हो."

"सांगते."

तिने फोन बंद केला आणि पर्समध्ये टाकला. तिच्या नवऱ्याला, झिसिसला, पाव्लोस चांगला ओळखत होता. पाव्लोसच्या लग्नात झिसिस पहाटेपर्यंत नाचला होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दीड वर्ष."

"बोलला का नाहीत?"

"हिशेबखात्यातल्या पेरिक्लिसने बायकोचं आजारपण सांगितलं होतं तुम्हाला. महिन्याभरात त्याला निरोपाचा केक मिळाला."

पाव्लोसचा चेहरा लाल झाला. शरमलेला माणूस जसा कोणावर तरी ओरडायला शोधतो, तसा तो फोतिसवर उसळला. "आणि ही असली डिस्क मागवली कोणी? मशीन तू बसवलीस ना? मागणीपत्रावर नाव कोणाचं? काढ!"

फोतिसने मागणीपत्र काढलं. फेब्रुवारीची अकरा तारीख. खाली त्याचंच नाव.

"हे काय आहे? तुला एवढं कळत नाही? जुलैत इथं काय होतं ते कोणाला विचारलं नाहीस?"

फोतिसने तोंड उघडलं. त्याने आरेतीकडे बघितलं, टेबलावरच्या पर्सकडे बघितलं, आणि तोंड मिटलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

आरेतीला ती तारीख लख्ख आठवली. त्या दुपारी झिसिस बसस्थानकावर घरातल्या चपलांत सापडला होता. पोलीस ठाण्यात ती त्याचे पाय आपल्या शालीत गुंडाळून बसली होती आणि फोतिसचा फोन आला होता. "डिस्क केवढी मागवू? वेग किती लागतो आपल्याला?" तिने मागच्या आठवड्याचे आकडे पाठ होते ते सांगितले. फेब्रुवारीचे. दिवसाला दोन बोटी आणि अर्ध्या रिकाम्या. "जास्त नको का?" असं त्याने विचारलंही होतं. "लिही रे, पुरेल," असं म्हणून तिने फोन ठेवला होता.

त्याला हे आठवत होतं. ते त्याच्या मिटलेल्या तोंडावर दिसत होतं. आणि तो बोलणार नव्हता.

तिला गप्प बसता आलं असतं. तिने एकवार खिडकीतून खाली बघितलं.

"आकडे माझे होते," ती म्हणाली.

"कसले आकडे?"

"डिस्कचे. त्याने विचारलं, मी सांगितले. त्याने शंकासुद्धा काढली होती, मीच उडवून लावली. त्याने फक्त लिहिलं. त्याच्यावर ओरडू नकोस, पाव्लोस."

बऱ्याच वर्षांनी तिने त्याला तळघरातल्या मुलासारखी हाक मारली होती. कोणालाच ते खटकलं नाही.

पाव्लोस खुर्चीत बसला. त्याने हाताने डोळे चोळले. "पेन्शनला किती राहिले तुमचे?"

"एकोणीस महिने."

"हं." तो पुन्हा आलेखाकडे वळला. त्याने विचारलं, "मोठी लावायला किती वेळ?"

"दहा मिनिटं. मशीन बंदही करावी लागत नाही. पण मला आत जाता येत नाहीये."

फोतिसने आपल्या नावाने आत जाऊन खुर्ची तिच्यासमोर सरकवली आणि बाजूला उभा राहिला. तिने चष्मा लावला. वेगाचा आकडा बदलला, त्याला दाखवला. "ऑगस्टला पुरेल?"

"थोडा अजून वाढवा."

तिने वाढवला. बटण दाबलं. तिघंही आलेखाकडे बघत राहिले. सातव्या मिनिटाला रेघ उचलली आणि वरच राहिली.

"ठीक आहे," पाव्लोस म्हणाला. "बाकीचं सोमवारी बघू." त्यात काय काय होतं ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. फोतिसने वहीतली नऊ दिवसांची पानं फाडली आणि त्यांचं काय करावं ते न सुचून खिशात कोंबली.

आरेती पुढच्या जिन्याने खाली उतरली. तिकीटघर खच्चून भरलं होतं, रांग अजून बाहेर उन्हात होती. दाराशी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी दोन पिशव्या सांभाळत उभी होती. तिने आरेतीच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र धरलं आणि ओढून जवळ घेतलं.

"तू इथलीच ना? आलोनिसोस बेटावर सून अडलीय माझी, कालपासून कळा देतेय. तीन तास उभी आहे मी. ही यंत्रं कोण सांभाळतं गं तुमच्यात?"

"मी."

म्हातारी चमकली. तिला बहुधा दुसरं उत्तर अपेक्षित होतं. "तू? मग लाज नाही वाटत?"

"वाटते," आरेती म्हणाली. तिने वाकून दोन्ही पिशव्या उचलल्या. "चला. दीडच्या बोटीत जागा आहे."