पोचूचा ढीग

रंजीताच्या बापाला, पोचूला, तेंदूपत्त्याच्या हंगामात वाघानं नेलं, त्याला सात वर्षं झाली. घरी आणण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. जिथं सापडलं तिथंच गावानं दगड ठेवले. तिकडची रीतच आहे. त्या वाटेनं जाणाऱ्यानं एक दगड नाहीतर हिरवी डहाळी ठेवायची आणि मागं न बघता पुढं चालायचं. मग ढिगाखाली मेलेला माणूस बसून राहतो, रानोमाळ भटकत नाही. सात वर्षांत पोचूचा ढीग छातीएवढा झाला होता. गेल्या दिवाळीत रंजीताच्या लेकीनं, पाच वर्षांच्या रोशनीनं, आपल्या दगडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

"आबाले टिकली लावली," ती म्हणाली. आजी, म्हणजे रंजीताची माय इंदुताई, हसली आणि तिनंच तो दगड वर नीट बसवला.

रंजीता चंद्रपूरच्या एका कॉलेजातल्या कलासंग्रहालयात राखणीला होती, ठेक्यावर. काम काय, तर खुर्चीवर बसायचं आणि कोणी वस्तूला हात घातला की म्हणायचं, "हात नोका लावू."

संग्रहालयाच्या अंगणात शिल्प उभारायला मुंबईहून वालावलकर मॅडम आल्या. शिल्प इथल्याच मातीचं, इथल्याच जागेचं असणार; उचलून दुसरीकडे नेलं तर ते मेलंच समजा, असं त्या पोरांना समजावून सांगत. बाई मनानं मोकळी. डब्यातली भाजी मागून खायच्या. एका दुपारी रंजीतानं त्यांना बापाच्या ढिगाचं सांगितलं. सांगितलं कसलं, मोठ्या मानानं जीपमधून नेऊन दाखवलं. मॅडमनी चपला काढल्या, दगड ठेवला, डोळे पुसले. रंजीताला वाटलं, आपला बाप आज कोणीतरी झाला.

तीन आठवड्यांनी टेम्पोभर दगड अंगणात उतरले. माती फार लागली होती म्हणून ब्रश आणि बादली रंजीताच्याच हाती आली. नाल्यातले असतील, असं समजून ती घासत बसली. दुपारपर्यंत निम्मे झाले. मग हातात आला तो लाल ठिपक्याचा दगड.

बादलीतलं पाणी गढूळ झालं होतं. तिनं ब्रश खाली ठेवला.

"मॅडम, हे दगड कुठचे होत?"

"अगं, तुला सांगायचंच राहिलं! सरपंचांनी परवानगी दिली. तिथून रस्ता रुंद होणार आहे, बुलडोझरनं गेलेच असते ते. इथं कायमचे राहतील."

"हा एक मले द्या ना. माह्या पोरीचा होय."

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "प्रत्येक दगडाची जागा नकाशावर ठरलीय, रंजीता. एक काढला तर काम मोडेल."

ठेक्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात होतं, आणि रोशनीची शाळा कॉलेजच्या मागंच. रंजीतानं दगड पुसला नि ठेवून दिला. मायला फोन करायचा म्हणून दोनदा मोबाइल हातात घेतला, दोन्ही वेळा रोशनीला गेम लावून दिला.

उद्घाटनाच्या दिवशी अंगणात पाहुणे होते, चहा होता, प्राचार्य होते. तेवढ्यात फाटकातून इंदुताई आली. पायांना धूळ, ओटीत काहीतरी बांधलेलं. ढिगाच्या जागी उघडी जमीन पाहून ती पहिल्या एसटीनं निघाली होती. टेम्पो कुठं गेला ते गावानंच सांगितलं. ती कोणाकडं न बघता सरळ अंगणात त्याच दगडांच्या रचलेल्या नव्या ढिगापाशी गेली. ओटीतून दगड काढला, रानातल्या जुन्या जागेवरून उचललेला, आणि वाकली.

"रंजीता," प्राचार्य लांबूनच म्हणाले, "लक्ष कुठंय तुझं?"

रंजीता उठली. पाय आपोआप गेले, तोंडही आपोआप उघडलं.

"बाई, हात नोका लावू."

जन्मात पहिल्यांदा तिनं आपल्या मायला बाई म्हटलं.

इंदुताईनं वर पाहिलं. लेकीच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडं, मग तोंडाकडं.

"वाघाले तरी भूक लागली होती वं," ती म्हणाली. दगड पुन्हा ओटीत बांधला आणि रीतीप्रमाणं मागं न बघता निघून गेली.

मॅडम धावत आल्या. "कोण होत्या त्या? अगं, थांबवलंस कशाला! ठेवू द्यायचा होता ना दगड. हेच तर हवं होतं कामाला! बोलाव, बोलाव त्यांना, फोटो घेऊ."

रंजीता फाटकापर्यंत पळाली. रस्त्यावर कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ढिगाजवळ टोपली आली, धुतलेल्या गोट्यांनी भरलेली. वर पाटी, "आपणही एक दगड ठेवा." पोरं-पोरी ठेवतात, सेल्फी काढतात. "रंजीताताई, आमचा काढा ना फोटो," म्हणून मोबाइल देतात. ती काढून देते.

पाच वाजता फाटक लागतं. ढिगाचा आकार बदलू नये, असा नकाशासोबत लेखी नियम आहे. म्हणून दिवसभरात लोकांनी ठेवलेले दगड रंजीता बापाच्या अंगावरून एकेक करून उचलते आणि उद्यासाठी टोपलीत भरते. रोशनी पायरीवर बसून असते.

"माय, आबाले दगड देतेत लोकं, अन् तू काऊन काढतं?"

रंजीता टोपली उचलते. "चाल, उशीर झाला," म्हणते.