आठ वाजता उघडणारी खिडकी

मी एक जुनी वही आहे. माझा पुठ्ठा कधीकाळी निळा होता. आता त्यावर कॉफीच्या कपांचे गोल डाग आहेत, केसांना चोळायच्या लोण्याच्या बोटांचे ठसे आहेत आणि पाठीला पिवळी चिकटपट्टी आहे. मित्रांनो, इतर जुन्या वस्तू आपले कौतुक सांगतात आणि शेवटी थोडे रडतात. माझे तसे नाही. मला एक कबुली द्यायची आहे, आणि ती देईपर्यंत मला चैन पडणार नाही.

बैरुतला लागून असलेल्या बुर्ज हम्मूदमध्ये एका अर्मेनियन म्हाताऱ्याचे कागदपेन्सिलींचे दुकान होते. तिथल्या फळीवर मी बरेच महिने पडून होते. एखादा शाळकरी पोरगा मला नेईल, माझ्यावर गणिते सोडवील, शाई सांडील, असे मला वाटायचे. पण एका रविवारी वुबालेम आली आणि मला घेऊन गेली. वुबालेम इथिओपियाची. अकरा वर्षे एकाच घरात धुणीभांडी, स्वयंपाक आणि आजारी म्हाताऱ्याची सेवा करत होती. आठवड्यातून एकदा, रविवारी, तिला बाहेर सोडत. तिने मला झेवदेच्या दुकानात आणले.

झेवदेचे दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. तिथे ती वेण्या घालून द्यायची. अंगाने भारी, आवाजाने त्याहून भारी. तिला अक्षरओळख नव्हती, पण तिने मला आरशाखालच्या खणात अशी ठेवली, की देवाच्या पुस्तकाला हेवा वाटावा. दर रविवारी आमच्या हबेशा, म्हणजे इथिओपियाकडच्या, पोरीबाळी तिथे जमत. झेवदे कॉफीच्या बिया भाजायची, धूप घालायची, आणि कॉफी तीनदा उकळून तीनदा वाढायची. तिसऱ्या कपाला आमच्यात आशीर्वादाचा कप म्हणतात. तो घेतल्याशिवाय कोणी उठत नाही. त्या तिसऱ्या कपाच्या वेळी मला उघडायचे, नव्या पोरींना वाचून दाखवायचे आणि ज्या कोणाला परक्या मुलखात काही नवे कळले असेल तिने ते माझ्यात लिहायचे, असा वुबालेमने नियम केला.

मित्रांनो, माझ्यात काय नव्हते! "पासपोर्ट मॅडमच्या कपाटात जाण्याआधी त्याची छायाप्रत काढ. ती तांदळाच्या डब्यात लपवू नकोस. सगळ्या जणी तिथेच लपवतात आणि सगळ्या मॅडमना ते माहीत आहे." "वाचता न येणाऱ्या कागदावर सही मागितली तर हाताला पट्टी बांध आणि भाजलं म्हणून सांग." "घरून मिरचीचा मसाला मागवलास तर पुडीवर दुधाची पावडर असं लिहायला लावू नकोस. रंग दिसतो." हे वाचताना सगळ्या खिदळत. आणि माझ्या सातव्या पानावर एकच ओळ होती, ती वाचताना कोणी हसत नसे: "बाल्कनीतून खाली उतरायचा विचार मनात आला तर आधी या नंबरावर फोन कर."

तो नंबर झेवदेचा होता. तो फोन चारदा आला, आणि चारही पोरी आज जिवंत आहेत. मला वाटते तेव्हाच माझ्या डोक्यात हवा गेली. आपण चुकूच शकत नाही असे मला वाटू लागले.

आता एक गोष्ट नीट सांगते, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. आमच्या देशात दिवस सूर्योदयाला सुरू होतो आणि घड्याळही तिथूनच मोजतात. जगाचे सकाळी सात वाजतात तेव्हा आमचा एक वाजतो. जगाचे सकाळचे आठ म्हणजे आमचे दोन. आणि आमचे आठ वाजतात तेव्हा जगात दुपारचे दोन वाजलेले असतात, जेवणे उरकलेली असतात. मॅडमच्या घरात पोरींना जगाचे घड्याळ पाळावे लागे. पण माझ्यात मात्र आपली अक्षरे आणि आपलीच वेळ, असे वुबालेमने पहिल्याच पानावर ठळक लिहिले होते. पोरींना ते फार आवडे. इथे तरी आपले घड्याळ चालते, असे त्या म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात बातमी आली, की ज्यांची कागदपत्रे संपली आहेत किंवा जे मालकाच्या घरून पळाले आहेत, त्यांना काही आठवडे सवलत मिळणार. एका कार्यालयाच्या खिडकीवर नाव नोंदवायचे, शिक्का घ्यायचा आणि तुरुंगात न जाता घरी परतायचे. मुदत संपली की सवलतही संपली. वुबालेमने घरी जायचे ठरवले. जाताना ती मला बरोबर घेऊन त्या कार्यालयात गेली, म्हणजे बाकीच्यांसाठी सगळे जागच्या जागी लिहून ठेवता येईल.

मला ती सकाळ आठवते. ऊन कोवळे होते, रस्ता नुकताच झाडला होता. दारावरच्या पाटीवर जगाच्या घड्याळाची वेळ होती. वुबालेमने मला गुडघ्यावर धरले आणि भराभर लिहिले. कोणत्या बसने यायचे. कुठे उतरायचे. "फाटकासमोर घोळका करून उभी राहू नकोस, पहारेकरी उगाच कागद तपासतात. चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बस आणि वेळ झाली की सरळ जा." आणि मग तिने पाटीकडे पाहिले आणि जसेच्या तसे उतरवले: "खिडकी आठ वाजता उघडते."

अकरा वर्षे मॅडमचे घड्याळ पाळून तिचा हात त्या वळणावर गेला होता. तिच्या लक्षातही आले नाही. मला तेव्हाच काहीतरी टोचले, पण वहीला तोंड कुठे असते? तीन दिवसांनी ती विमानात बसली.

त्यानंतरच्या आठवड्यात मुलू नावाची एक बडबडी बाई माझ्यातले वाचून गेली आणि अर्थात दुपारी पोचली. तोवर खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून गेली, शिक्का घेऊन आली आणि रविवारी कॉफीला हसत हसत सांगू लागली.

"अगं, आमची वुबालेम घरी जायच्या आधीच परकी झाली! पाटीवरचे आठ तिने तसेच लिहिलेत. मी आपली आपल्या आठला, भर उन्हात, नटूनथटून!"

"आणि मग?" झेवदेने विचारले.

"मग काय, पहारेकरी म्हणाला, बाई, लग्नाला आलीस का?"

सगळ्या पोट धरून हसल्या. झेवदेही हसली, पण हसू ओसरल्यावर म्हणाली, "ते वहीत नीट करून ठेव बाई. मला लिहिता येत नाही, नाहीतर मीच केलं असतं."

"करते गं. आधी तिसरा कप तर दे."

तिसरा कप झाला. कोणाच्या तरी भावाच्या लग्नाचे फोटो निघाले. कोणाची तरी बस चुकायची वेळ झाली. मुलू उठली, झेवदेच्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि गेली. पुढच्या रविवारी ती तिच्या गावी होती. मी खणात होते, आणि ती ओळ होती तशीच माझ्यात होती.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी बिर्तुकान आली. बावीस वर्षांची असेल. पायात घरातल्या सपाता, कमरेला खोचलेली पासपोर्टची छायाप्रत. करार संपून वर्ष झाले तरी मॅडम सोडत नव्हती, फोनही काढून घेतला होता. कचऱ्याची पिशवी टाकायला म्हणून ती खाली उतरली आणि परत वर गेलीच नाही. घरी तिला पाच वर्षांचा मुलगा होता. शेवटचे बोलणे झाले तेव्हा त्याने फोनवर आजीला विचारले होते, "ही कोण बाई रडतेय?" बिर्तुकान हे सांगताना रडली नाही. ती नुसती एकटक माझ्याकडे बघत होती.

"मिळेल ना गं ताई शिक्का? उद्याच शेवटचा दिवस आहे."

"मिळेल म्हणजे काय! शेवटचा दिवस झाला तरी दिवसच आहे तो," झेवदे म्हणाली. "माझे स्वतःचे कागद धड नाहीत, नाहीतर तुझा हात धरून नेलं असतं. वहीच घेऊन जा. सगळं लिहिलेलं आहे तिच्यात. वेळ बघितलीस का? मध्यंतरी काहीतरी घोटाळा झाला होता, पण मुलूने नीट करून ठेवलाय."

"बघितली. आठ."

"मग झालं तर."

मित्रांनो, त्या वेळी मला एखादे पान फडफडवता आले असते तरी पुरे होते.

सकाळी उन्हे पडायच्या सुमारास ती निघाली. झेवदेने तिला आपली चप्पल दिली आणि पिशवीत पावाचा तुकडा घातला. मुलूने नीट केलेले आठ म्हणजे पाटीवरचे सकाळचे आठ असेच झेवदेने धरले होते, म्हणून पोरगी इतक्या लवकर निघालेली पाहून तिला काही वावगे वाटले नाही. बिर्तुकान मात्र भीतीपोटी लवकर निघाली होती. बस चुकू नये, रस्ता चुकू नये म्हणून. जगाचे साडेसात वाजले होते तेव्हा आम्ही चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर पोचलोसुद्धा.

आणि ती बसली. माझ्यात लिहिले होते तिथेच, लिहिले होते तशीच. तिथून फाटक दिसत नाही.

चर्चच्या घड्याळाने आठ ठोके दिले. रस्त्यापलीकडे ती खिडकी उघडली असणार. बिर्तुकानने मला मांडीवर उघडले, त्या ओळीवर बोट ठेवले आणि बोटांवर हिशेब केला. आपले दोन. अजून सहा तास. तिने मला मिटले आणि पोटाशी धरले. मी आतून ओरडत होते. ऊठ पोरी, आत्ता ऊठ, रस्ता ओलांड! माझी दीडशे पाने होती आणि त्यातले एकही मला हलवता येत नव्हते.

नऊ वाजले. दहा वाजले. तिने पावाचा अर्धा तुकडा खाल्ला आणि अर्धा नंतरसाठी ठेवला. अकराच्या सुमारास एक बाई मागच्या गल्लीतून गेली, तिच्या हातात पांढरा कागद होता. बिर्तुकानने तिच्याकडे पाहिले आणि चटकन मान खाली घातली. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस," हेही माझ्यातच लिहिलेले होते. माझ्या एकेका शहाणपणाने तिला त्या पायरीला बांधून ठेवले होते. साडेबाराला ती माझ्याशी बोलू लागली. मुलासाठी विमानतळावर काहीतरी घेईन म्हणाली. तो ओळखणार नाही, पण गाडी दिली तर जवळ येईल म्हणाली.

दोनला दहा मिनिटे असताना ती उठली, कपडे झटकले, केस सारखे केले आणि रस्ता ओलांडला.

फाटकातून माणसे बाहेर येत होती. आत कोणीच जात नव्हते. ती धावली. खिडकीतला माणूस शिक्के खणात टाकत होता.

"संपलं, बाई. बंद झालं."

"पण आत्ताच तर उघडते ना? आठ वाजता?"

"आठ वाजताच उघडली. सकाळी. आता दोन वाजतायत."

तिने मला उघडून त्याच्यापुढे धरले. आमची अक्षरे त्याला कुठली वाचता येणार? तो वाईट माणूस नव्हता. त्याने हात पसरले आणि लोखंडी पडदा खाली ओढला. पहारेकऱ्याने बिर्तुकानच्या हातातली पासपोर्टची छायाप्रत घेतली. "इथेच थांब. साहेबांना दाखवतो," असे म्हणून तो आत गेला. तिची सगळी ओळख त्या एका कागदावर होती. तो सोडून ती पळणार तरी कुठे?

फाटकापाशी शिक्का मिळालेली एक हबेशा बाई कागद घडी करत उभी होती. ती जवळ आली. "पळ गं! काय बघतेस?"

"पेन आहे का तुझ्याकडे?" बिर्तुकानने विचारले.

"तुला वेड लागलंय का?"

"दे ना."

पेन घेऊन बिर्तुकानने मला भिंतीवर टेकवले. घाईत पेन दोनदा माझ्या पानातून आरपार गेले. चुकलेल्या ओळीवर तिने रेघ मारली आणि खाली लिहिले: "ही परक्यांच्या घड्याळाची वेळ होती. पाटीवरचे आठ म्हणजे आपले दोन. मी सहा तास जवळच बसून होते. पुढे कुठलीही वेळ लिहाल तेव्हा सकाळ की दुपार तेही लिहा. बिर्तुकान." मग तिने मला त्या बाईच्या पिशवीत कोंबले.

"ही बुर्ज हम्मूदला, वेण्यावाल्या झेवदेकडे दे. माझ्यापाशी सापडायला नको. सगळ्यांचे नंबर आहेत हिच्यात."

"आणि तू?"

बिर्तुकानने तिला ढकलून चालती केली. आतून बूट वाजत येत होते. पिशवीच्या फटीतून मला झेवदेची चप्पल दिसली, आणि मग तीही दिसेनाशी झाली.

त्या रविवारी माझ्यातली ती ओळ वाचून दाखवली. झेवदेने वाचणारीला ती तीनदा वाचायला लावली. मग तोंडात पदर कोंबून ती खाली बसली. "मी विचारलं होतं तिला," एवढेच ती म्हणत राहिली. "मी वेळ विचारली होती." तिने किती जणींना फोन केले, किती दारे ठोठावली! बिर्तुकानला कुठे नेले, घरी पाठवले की कोंडून ठेवले, हे आजपर्यंत आम्हाला कोणी सांगितलेले नाही. झेवदे आता पन्नाशीत बोटे वळवून अक्षरे गिरवायला शिकते आहे. तिने माझ्या पाठीला दोऱ्याने एक पेन बांधले आहे. ज्या कोणाला चूक सापडेल तिने ती आधी दुरुस्त करायची, मगच तिसरा कप मिळतो.

मित्रांनो, मला जपा असे मी सांगणार नाही. माझी पाने फाटली तरी चालतील. पण दुसऱ्याच्या वाटेसाठी काही लिहाल तर ते पुन्हा वाचून पाहा, आणि त्यातली चूक कळली तर हसून उठून जाऊ नका. तुमच्या मागून येणारी पोरगी तुम्ही लिहिलेल्या जागीच बसणार आहे.

बिर्तुकानच्या नावाखाली अर्धे पान कोरे आहे. दर रविवारी कोणीतरी नवी पोरगी तिथे लिहायला जाते आणि झेवदे हात धरून तिला थांबवते. तुमच्यापैकी कोणाला बिर्तुकानची काही खबर लागली, तर ती तिथे लिहा. पेन माझ्या पाठीलाच बांधलेले आहे.